शंभर वर्षांतून एकदा

आमच्याकडे पावसाला वय असते. पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा. तरणा पाऊस अंगात मस्ती असल्यासारखा कोसळतो, ओढ्यांना पूर आणतो, पोरांच्या छत्र्या उलट्या करतो. म्हातारा मात्र ओटीवर बसून कुरकुरणाऱ्या आजोबांसारखा दिवसभर एका लयीत पडत राहतो. त्याने कुणाचे वाईट होत नाही, एवढेच की धुणे वाळत नाही. हे मी आजीकडून ऐकले तेव्हा मला पंचांग पाहता येत नव्हते. पुढे पाहता आले तेव्हा कळले की हा म्हातारा दर वर्षी वीस जुलैच्या सुमारास येतो आणि ऑगस्ट लागता लागता काठी टेकीत निघून जातो.

या म्हाताऱ्याने अलीकडे जे आरंभले आहे ते पाहिले म्हणजे आजीची आठवण होते. २००५ च्या २६ जुलैला मुंबई बुडाली, तेव्हा नक्षत्र पुष्य. २०१४ च्या ३० जुलैला पुणे जिल्ह्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेवर माणसे गाडली गेली, तेव्हाही पुष्य. आणि २०२१ च्या २२ जुलैला माझे माहेर, चिपळूण, पाण्याखाली गेले तेव्हा पुष्य लागून पुरते तीन दिवसही झाले नव्हते. यावरून कुणी नक्षत्राला दोष देऊ नये. जुलैचा शेवट हा आपल्याकडे मोसमी पावसाच्या भर जोराचा काळ असतो, आणि जे काही वाईट व्हायचे ते भर जोरातच होण्याची शक्यता अधिक. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या म्हातारा म्हटले त्याचे हे वागणे पाहून ते नाव ठेवणारे काय म्हणाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पावसासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. भुरभुर, रिमझिम, सर, झड, संततधार, मुसळधार. कोकणात तर पाऊस नुसता पडत नाही, तो 'लागतो', 'धरतो', 'उघडीप' देतो, आणि पडून गेल्यावरही पागोळ्यांवाटे तासभर घरात बोलत राहतो. या सगळ्या शब्दांवर अलीकडे वर्तमानपत्रांनी एकच शब्द आणून ठेवला आहे. तो म्हणजे ढगफुटी. जरा जोराची सर आली की ढगफुटी! हवामानखात्याच्या लेखी त्या शब्दाला नेमका अर्थ आहे. लहानशा प्रदेशावर एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला तरच ती ढगफुटी. मी शाळेत भूगोल शिकवीत होते, त्यामुळे असे शब्द कुणी सैल वापरले की माझा हात अजून खडूसाठी चुळबुळतो.

मिलिमीटरची गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगून टाकते, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हिशेब इतका सोपा आहे की पोरांना तो खराच वाटत नसे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की हवामानखाते त्याला जोरदार म्हणते, ११५.६ च्या वर अतिजोरदार, आणि २०४.५ पासून पुढे सगळाच अतिवृष्टीचा शेवटचा वर्ग. त्याच्या पलीकडे वर्ग नाही. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. पुण्यात वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस तेथे एका दिवसात पडला. आणि गंमत पाहा, त्याच मुंबईत वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला त्याच २४ तासांत पडला तो अवघा ७३ मिलिमीटर. दोन्हींची सरासरी काढणारा मनुष्य बुडण्याच्या लायकीचा समजावा! मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि तीही समुद्राला ओहोटी असताना. ज्यांनी तो हिशेब केला ते काही मूर्ख नव्हते. त्यांच्या काळचा पाऊस मोजून त्यांनी तो केला होता.

चिपळूणचे आमचे दुकान बाजारपेठेत आहे. किराणा, भुसार, आणि मागच्या अंगाला थोडे कोकम, आगळ, काजू असे. वडिलांनंतर दादा ते चालवतो. चिपळूण ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एका मोठ्या परातीची कल्पना करावी. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, बाकीच्या बाजूंनी टेकड्या, आणि परातीच्या तळाशी गाव. वाशिष्ठी नदी गावाच्या कडेने जाते, शिवनदी गावाच्या पोटातून येऊन तिला मिळते. सह्याद्रीवर पडलेले पाणी काही तासांत खाली उतरते, आणि त्यात घाटापलीकडच्या कोयनेचे वीज करून झालेले पाणीही पोफळी-कोळकेवाडीकडून याच नदीत येते. खालच्या अंगाला दाभोळची खाडी. भरतीचे पाणी खाडीतून वर चढते आणि गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत गलबते आणणारी ही भरती गावाचे वैभव होती. पण वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली की मधल्या माणसांनी जायचे कुठे?

२२ जुलै २०२१ ला नेमके तेच झाले. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस लोटले होते, गुरुपौर्णिमा तोंडावर होती, म्हणजे समुद्राला उधाण. सह्याद्रीवर पाऊस असा धरला होता की त्या २२-२३ जुलैच्या २४ तासांत महाबळेश्वराला ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. पाचशे चौरस फुटांची एक साधी गच्ची घेतली तर तिच्यावर सत्तावीस हजार लिटरांहून अधिक पाणी एका दिवसात ओतले गेले असे समजा. आता गच्चीच्या जागी अख्खे डोंगर धरा. महाडकडे सावित्रीला पूर आला. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली.

मी पुण्यात होते. पहाटे दादाचा फोन आला, "बेबी, पाणी फळीला लागलंय." मी आजी झाले तरी मी त्याची बेबीच. फळी म्हणजे दुकानाच्या दाराची खालची फळी. २००५ साली ते तिथपर्यंत येऊन मग वाढले होते, म्हणून त्याने पोती वर घ्यायला सुरुवात केली होती. अर्ध्या तासाने पुन्हा फोन, "गल्ला वर नेला." त्यानंतर फोन लागेना. तो दिवस आणि ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही. त्याने वाचकाचे काही भले व्हायचे नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी परक्याच नंबरावरून दादाचा आवाज आला, "आम्ही माळ्यावर आहोत. सगळे आहोत. वहिनीला देऊ का?" वहिनी म्हणाली, "वन्सं, साखरेचा पाक झाला हो सगळा," आणि तिला हसू आले, आणि मग रडू.

आठवड्यानंतर मी घाट उतरून गेले. पुराचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, वासाचे मात्र फारसे कुणी करीत नाही. चिखल, रॉकेल, भिजलेले धान्य आणि कुजू लागलेला गूळ यांचा मिळून एक वास होतो. तो रस्त्याच्या तोंडापासूनच अंगाला चिकटतो. तांदळाची पोती फुगून उसवली होती आणि त्यांतून फेसासारखा भात बाहेर आला होता. काजूच्या डब्यांत तांबडा गाळ. वडिलांच्या हातच्या खतावण्या दादाने माळ्यावर नेल्या होत्या म्हणून वाचल्या. चालू वर्षाचा रोजमेळ मात्र गेला. येणे कुणाकडे किती हे आता देणाऱ्यांच्या आठवणीवर होते. सांगायला आनंद वाटतो की बहुतेकांना ते आठवले. शेजारच्या पुस्तकांच्या दुकानापुढे वह्यांचा ढीग पडला होता आणि एक मुलगी त्यातून कोरी पाने शोधीत होती.

भिंतीवर दादाने २००५ च्या पाण्याची खूण खिळ्याने कोरून ठेवली होती. नवे पाणी तिच्यावर दीड हात चढून गेले होते. दादाने खिशातून तोच की दुसरा, एक खिळा काढला, नवी रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बेबी, तू भूगोल शिकवलास जन्मभर. मागच्या वेळी ते साहेब आले होते, त्यांनी सांगितलं की असला पूर शंभर वर्षांतून एकदा येतो. मला सांग, ही शंभर वर्षं सोळात कशी संपली?"

हा प्रश्न मला कुणा विद्यार्थ्याने विचारला नव्हता. त्याचे एक उत्तर सोपे आहे आणि ते मी तिथेच, चिखलात उभी राहून दिले. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा येऊन गेला की नव्याण्णव वर्षे सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरात एक दान पुराचे, असा तो अर्थ आहे. सारीपाटावर बारा एकदा पडले म्हणून पुढच्या फेकीला ते पडायचे नाही असे फाशांना कुणी सांगितलेले नसते. याच हिशेबाने तीस वर्षांच्या दुकानदारीत असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता शंभरात सव्वीस निघते, आणि पुऱ्या शंभर वर्षांतही तो येईलच अशी खात्री नसून शक्यता त्रेसष्ट टक्क्यांची. दादाने ऐकून घेतले. दुकानदार असल्यामुळे त्याला शक्यतेचा हिशेब आमच्या शाळेतल्या कित्येक शिक्षकांपेक्षा लवकर कळतो. तो म्हणाला, "म्हणजे फासा तोच आहे असं धरून हे सगळं?"

खरे उत्तर तिथून सुरू होते, आणि ते चिखलात उभे राहून देण्याजोगे नव्हते. रात्री माळ्यावर कंदिलाभोवती बसून मी ते दिले, जमेल तसे.

हवेत पाण्याची वाफ किती मावते हे तिच्या उष्णतेवर ठरते. क्लॅपेरॉन नावाचा फ्रेंच इंजिनिअर आणि क्लाउझिउस नावाचा जर्मन शास्त्रज्ञ यांनी एकोणिसाव्या शतकात, वाफेच्या इंजिनांच्या काळात, हा नियम बसवला. त्यांच्या डोक्यात आगगाडी होती, आषाढ नव्हता. पण नियम तोच. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. कळशीची घागर झाली म्हणा ना. घागर भरायला वेळ लागतो, म्हणून मधल्या उघडिपी लांबतात. पण एकदा ती कलंडली की कळशीपेक्षा जास्त पाणी ओतते. शिवाय वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तिने ढग आणखी वर उसळतो आणि आजूबाजूची ओल स्वतःकडे ओढून घेतो. त्या हवेला सह्याद्रीसारखी भिंत आडवी आली तर मग बोलायलाच नको. भिंतीवर चढताना ती गार होते आणि जे काही पोटात आहे ते तिथेच रिकामे करते.

आता हवा तापली का? तापली. कोळसा आणि तेल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, आणि तो दुप्पट झाला तर पृथ्वी कितीने तापेल याचे गणित स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८९६ सालीच मांडले होते. १९५८ साली कीलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर त्या वायूचे मोजमाप सुरू केले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.१ अंशांनी अधिक होते, आणि २०२४ हे तर दीड अंशाची पायरी ओलांडणारे पहिले साल ठरले. अंगाला दीड अंश ताप आला तर आपण शाळेत जात नाही. पृथ्वीला मात्र रजा मिळत नाही.

आपल्या पावसाची दप्तरे तपासणारे लोक आहेत. आमच्याकडे हवामानखाते १८७५ सालापासून आहे, आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मापक पाहून आकडा लिहिण्याचे काम गावोगावचे कारकून, शिपाई आणि निरीक्षक करीत आले. त्यांचे नाव कुठे येत नाही. पण त्या वह्यांवरूनच २००६ साली बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात मोसमाचा एकूण पाऊस फारसा बदलला नाही, पण त्याची घडण बदलली. मध्यम पावसाचे प्रसंग कमी झाले आणि दिवसाला शंभर मिलिमीटरच्या वर कोसळणारे वाढले. मला हे वाचून प्रथम वाटले, म्हणजे वर्षाचा पगार तोच, पण तो दर महिन्याला न मिळता दोनतीनदा अंगावर फेकून मारतात! पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली पुढचे पाऊल टाकले. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले, आणि त्यांना लागणारे पाणी तापत्या अरबी समुद्रावरून येणारे वारे अधूनमधून लाटेसारखे आणून टाकतात, असा त्यांचा निष्कर्ष.

मी हे दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ते मध्य भारताचं झालं. माझ्या दुकानाचं सांग." या प्रश्नापुढे शास्त्राने नम्र व्हावे हेच बरे. एका गावाचा एक पूर दाखवून हा हवामानबदलाने आणला, असे सरळ बोट ठेवता येत नाही. दाने किती बदलली ते सांगता येते, अमुक दान कोणी टाकले ते नाही. पूर ओसरून तीन आठवडे होत नाहीत तोच, ९ ऑगस्ट २०२१ ला, जगभरच्या शास्त्रज्ञांच्या मंडळाचा अहवाल आला. त्यात हाच हिशेब मांडला आहे. पृथ्वी तापण्यापूर्वी दहा वर्षांतून एकदा पडणारा एका दिवसाचा मोठा पाऊस जमिनीवर आता सरासरी १.३ पट वेळा पडतो. तापमान २ अंशांनी वाढले तर १.७ पट, आणि ४ अंशांनी वाढले तर २.७ पट. शिवाय तो नुसता वारंवार येतो असे नाही, येताना अधिक पाणी घेऊन येतो. आज सुमारे ७ टक्के अधिक, २ अंशांना १४ टक्के. हे आकडे माझ्या वहीत आहेत. दादाने ते पाहिले, तर्जनी ७ टक्क्यांवर ठेवली आणि म्हणाला, "सातच टक्के? मग दीड हात पाणी कसलं?"

इथे मात्र दादा मला शिकवू लागला. त्याने बोटे मोडून एकेक गोष्ट सांगितली. नदीत गाळ किती साठला आहे; लहानपणी आम्ही जिथे पोहायचो तिथे आता बेट झाले आहे आणि त्यावर झाडे आहेत. शिवनदीच्या काठाने घरे कशी सरकत आली. भातखाचरांत पाणी आठवडा आठवडा उभे राहायचे, ती खाचरे भरून त्यांवर चाळी आणि इमारती उठल्या. वरच्या डोंगरांवरची झाडे तुटली, रस्त्यांसाठी माती मोकळी झाली. "परात तीच आहे गं, पण तिच्यात आपण वाट्या, पेले, तांबे सगळं मांडून ठेवलंय. आता सात टक्के जादा ओतलेस तर ते सांडणारच." मला त्याचे म्हणणे पटले. आणि तसे पाहिले तर दोघांच्या म्हणण्यात भांडण नव्हतेच. आकाशाने दाने बदलली आणि जमिनीवर आम्ही पट अरुंद केला. मात्र या दोन गोष्टींचा उपयोग लोक एकमेकींवर ढकलण्यासाठी करतात, ते मला खपत नाही. गाळ काढायला सांगितले की कुणीतरी हवामानबदलाकडे बोट दाखवते, आणि हवामानबदलाचे नाव काढले की दुसरा म्हणतो, आधी गाळ काढा. चिपळूणच्या लोकांनी त्या वर्षाअखेरीस साखळी उपोषण केले तेव्हा कुठे गाळ उपसायचे काम खऱ्या अर्थाने हलले.

त्यानंतर रेषा आल्या. पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि तांबडी म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधले ते निषिद्ध क्षेत्र, निळी आणि तांबडी यांच्या मधले ते नियंत्रित. नकाशावर या रेषा पाहताना मला विलक्षण वाटले. अख्खी बाजारपेठ, देवळे, शाळा, ज्या घरात मी जन्मले ते घर, सगळे त्यांच्या आत. गावात गदारोळ झाला, आणि व्हायलाच हवा होता. हजार वर्षांची वस्ती काही रंगीत पेन्सिलीने उठत नाही. पण माझी अडचण निराळीच होती. ज्या मागच्या पावसावरून या रेषा काढतात, तो पाऊसच जर राहिला नसेल, तर आजची तांबडी रेषा उद्या कुठे जाईल? इंजिनिअरांचे सगळे गणित असे धरून चालते की उद्याचे फासे कालच्यासारखेच पडतील. पूल, मोऱ्या, धरणांचे सांडवे, गटारे, सगळे या एका विश्वासावर उभे आहे. हा विश्वास गेला तर त्याच्या जागी काय ठेवायचे यावर शहाणी माणसे काम करीत आहेत. दादाला मात्र पुढच्या मृगापूर्वी ठरवायचे होते.

कारण प्रश्न दुकानाचा होता. माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, त्या वेळी तिशीत होता. त्याचे म्हणणे स्वच्छ होते. "आत्या, तूच बाबांना सांग. दुकान विकू या, नाहीतर वर कापसाळच्या बाजूला जागा घेऊ. दर वेळी शून्यापासून सुरुवात करायला मी काही वाशिष्ठी नाही." विमा होता, पण विम्याच्या पैशांनी निम्मा मालही भरून निघाला नाही. कर्ज देणारे आता जागा कुठल्या रेषेत आहे ते आधी विचारीत. विकायचे म्हटले तर घेणाराही तेच विचारणार. दादाचे म्हणणेही स्वच्छ होते. गिऱ्हाईक बाजारात येते. खेड्यांतून एस.टी.ने उतरणारी बाई आधी आमच्याकडे पिशवी ठेवते, मग कापडाच्या दुकानात जाते, मग डॉक्टरकडे, आणि परतताना सामान घेऊन गाडी पकडते. ती बाई कापसाळला यायची नाही. बाजार म्हणजे एक दुकान नव्हे, तो उचलून नेता येत नाही; न्यायचा तर सगळा न्यायला हवा, आणि सगळा कोण नेणार?

वहिनी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "वन्सं, ह्यांचं वय अडुसष्ट. तुमच्या हिशेबानं ह्यांना अजून एक पूर आहे की दोन?"

मी हिशेब केला नाही. तिला तो नकोच होता.

शेवटी जे ठरले त्यात कुणाचेच पुरते समाधान झाले नाही, म्हणून ते बरे ठरले असावे. दुकान तिथेच राहिले, पण तळमजल्यावर आता आठवड्याला लागेल एवढाच माल असतो. बाकी वखार भाच्याने कापसाळला भाड्याने घेतली आणि रोज टेम्पोने फेरी मारतो. तो विक्रीही तिथून करू लागला आहे, फोनवर, आणि दादा त्याला 'वरचे दुकान' म्हणतो, थोडे तुच्छतेने. लाकडी फळ्या काढून लोखंडी घोड्या केल्या, विजेचे खटके माणसाच्या डोक्याच्या वर नेले. माळ्याला पक्का स्लॅब पडला आणि त्याला आतून एक चौकोनी झाकण ठेवले. त्यावर कप्पी बसवली.

पूर्वी कोकणात आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुके मासे, पापड, कोकम, लाकूडफाटा घरात भरायचा आणि चार महिने निश्चिंत बसायचे. दादाची आगोट आता उलटी असते. मृग लागायच्या आधी तो दुकान रिकामे करतो. मी यंदा तेव्हा तिथेच होते. नोकराने खाली पोत्याला दोर बांधला, वर भाच्याने ओढायला घेतले, कप्पी कुरकुरली. दादा खाली उभा राहून मोजीत होता. पोते भिंतीवरच्या पहिल्या खुणेपाशी आले, दुसरीपाशी आले, आणि तिच्यावर अंदाजे दोन हात गेल्यावर झाकणातून आत गेले.

"पुरे का रे एवढी उंची?" मी विचारले.

"आजच्या हिशेबानं पुरे," दादा म्हणाला, आणि पुढच्या पोत्याला हात घातला.